एफसी गोवा : २०२०-२१चा देशांतर्गत व आशियाई हंगाम

एफसी गोवा संघासाठी २०२०-२१ हा व्यावसायिक फुटबॉलमधील सातवा हंगाम होता. या हंगामात संघ दोन आघाड्यांवर खेळला. नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात इंडियन सुपर लीग अर्थात आयएसएल आणि एप्रिल २०२१मध्ये एएफसी चँपियन्स लीग. आशियातील क्लब फुटबॉलच्या या सर्वोच्च स्पर्धेच्या गटसाखळीत खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय संघ ठरला. आयएसएलमध्ये त्याला चौथे स्थान मिळाले व उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआऊटवर पराभव पत्करावा लागला. आशियाई स्पर्धेत तीन गुणांसह तो गटात तिसरा राहिला. दोन्ही स्पर्धांत मिळून संघ २८ सामने खेळला. त्यांपैकी सात जिंकले, सहा गमावले आणि तब्बल १५ बरोबरीत सुटले. एकही करंडक हाती न लागलेल्या या हंगामाचे यश आणि अपयश या दोहोंचे मोजमाप या बरोबऱ्यांतच करावे लागते.

पार्श्वभूमी

आयएसएलच्या स्थापनेबरोबर २०१४मध्ये एफसी गोवा संघाचा उदय झाला. ब्राझीलचे विख्यात खेळाडू झिको हे त्याचे पहिले प्रशिक्षक. २०१५ व २०१८-१९ या दोन मोसमांत संघाने अंतिम फेरी गाठली, परंतु अनुक्रमे चेन्नईयीन एफसी व बंगळूर एफसी यांच्याकडून त्याला हार पत्करावी लागली. एप्रिल २०१९मध्ये चेन्नईयीनला २-१ असे नमवून संघाने सुपर कप जिंकला.

आशियाई स्पर्धेचे दार उघडले ते २०१९-२० मोसमात. आयएसएलच्या साखळी फेरीत अव्वल राहणाऱ्या संघाला त्या वर्षापासून लीग विनर्स शिल्ड देण्यात येऊ लागली आणि त्याच संघाला एएफसी चँपियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळणार होता. आशियाई महासंघाने २०२१पासून या स्पर्धेतील संघांची संख्या ३२वरून ४० केल्यामुळे भारताच्या वाट्याला ही जागा आली होती. साखळी फेरी संपत आली असताना, जानेवारी २०२०च्या अखेरीस, संघ व्यवस्थापनाने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना पदावरून दूर केले. संघाचे माजी खेळाडू असलेल्या गोमंतकीय क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे हंगामी सूत्रे देण्यात आली. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूर एफसीचा ५-० असा धुव्वा उडवून एफसी गोवाने १८ सामन्यांत ३९ गुणांसह अग्रस्थान निश्चित केले.

गोव्याच्या फुटबॉलला आशियाई मैदाने अनोळखी नव्हती. धेंपो स्पोर्ट्स क्लबने २००८मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली होती. मात्र एएफसी चषक ही दुय्यम श्रेणीची स्पर्धा. चँपियन्स लीगच्या मुख्य गटसाखळीत भारतीय क्लबांना तोपर्यंत पाऊल ठेवता आले नव्हते. पात्रता फेरीतच त्यांचे आव्हान आटोपत असे.

नवी संघबांधणी

ज्या संघाने आशियाई प्रवेश मिळवला, तो संघ त्या स्पर्धेपर्यंत टिकला नाही. लोबेरा मुंबई सिटी एफसीचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्यापाठोपाठ मधल्या फळीचा आधारस्तंभ अहमद जाहू, फ्रान्समध्ये जन्मलेला ह्युगो बुमूस, बचावपटू मोर्तादा फॉल व गोमंतकीय मंदार राव देसाई हेही मुंबईकडे गेले. संघाचा सर्वांत यशस्वी गोलवीर फेरान कोरोमिनास यानेही निरोप घेतला.

नवे प्रशिक्षक म्हणून बार्सिलोनाचे हुआन फेरांडो यांची नियुक्ती झाली. चेंडूवर ताबा राखून, बचावापासून छोट्या पासांनी चाल रचण्याची त्यांची पद्धत संघाच्या पूर्वीच्या शैलीशी जुळणारी होती. पोलंडमधील गोर्निक झाब्झे संघाकडून आलेला आघाडीपटू इगोर आंगुलो, मध्यरक्षक अल्बर्टो नोगेरा, विंगर जॉर्ज ऑर्टिझ, बचावपटू इव्हान गोन्झालेझ आणि ऑस्ट्रेलियाचा बचावपटू जेम्स डोनाकी हे परदेशी खेळाडू नव्याने दाखल झाले. जुन्या संघातून राहिलेल्या एदू बेदियाकडे कर्णधारपद सोपवण्यात आले.

मोसमाच्या मध्यावर आणखी बदल झाले. मध्यरक्षक लेनी रॉड्रिग्ज एटीके मोहन बागानकडे गेला व त्याच्या बदल्यात ग्लॅन मार्टिन्स गोव्यात परतला. त्याच संघाकडून गोलरक्षक धीरज सिंग आला. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे गोलक्षेत्र सांभाळणाऱ्या धीरजची ही निवड पुढे आशियाई स्पर्धेत फार महत्त्वाची ठरली. आदिल खान हा अनुभवी गोमंतकीय खेळाडूही हैदराबाद एफसीकडून उसनवारीवर संघात आला.

आयएसएल साखळी फेरी

कोविड महामारीमुळे आयएसएलचा हा संपूर्ण मोसम गोव्यातच, जैवसुरक्षित वातावरणात व प्रेक्षकांविना खेळवण्यात आला. फातोर्ड्याचे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, बांबोळीचे जीएमसी स्टेडियम व वास्कोचे टिळक मैदान या तीन ठिकाणी अकरा संघांचे सामने झाले. प्रत्येक संघाला २० साखळी सामने खेळायचे होते. एफसी गोवाचा मोसम कागदोपत्री घरच्या अंगणात पार पडला, पण केशरी पोशाखातील पाठीराखे नसलेले फातोर्डा हे यजमान संघालाही परके होते.

पहिल्याच सामन्यात, २२ नोव्हेंबर २०२० रोजी, बंगळूर एफसीविरुद्ध संघ ०-२ असा पिछाडीवर पडला. आंगुलोने ६६व्या व ६९व्या मिनिटाला गोल करून २-२ अशी बरोबरी साधली. पिछाडीवरून परतण्याची ही सवय पुढे संघाची ओळख बनली. सुरुवातीच्या सात सामन्यांत मात्र संघाला तीन पराभव सोसावे लागले. मुंबई सिटीविरुद्ध रेडीम थलांगला पूर्वार्धातच रेड कार्ड मिळाल्यानंतर भरपाई वेळेतील पेनल्टीवर ०-१, एटीके मोहन बागानविरुद्ध ८५व्या मिनिटाच्या पेनल्टीवर ०-१ आणि १९ डिसेंबरला चेन्नईयीनविरुद्ध १-२. तिन्ही पराभव एका गोलच्या फरकाने झाले. १९ डिसेंबरनंतर या मोसमात आयएसएलच्या मैदानावर नियमित किंवा जादा वेळेत कोणत्याही संघाला एफसी गोवाला हरवता आले नाही. उर्वरित १३ साखळी सामने व उपांत्य फेरीचे दोन सामने धरून ही अपराजित मालिका १५ सामन्यांची झाली.

डिसेंबरच्या अखेरीस जमशेदपूर व हैदराबादला प्रत्येकी २-१ असे नमवून संघ सावरला. ३० डिसेंबरच्या हैदराबादविरुद्धच्या सामन्यात ८७व्या मिनिटापर्यंत पिछाडी होती. बदली खेळाडू ईशान पंडिताने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत आंगुलोने विजयी गोल केला. पंडिता हा त्यानंतर अखेरच्या मिनिटांचा हुकमी खेळाडू म्हणून ओळखला जाऊ लागला. ८ फेब्रुवारीला मुंबई सिटीने ९०व्या मिनिटाला ३-२ अशी आघाडी घेतली असता, भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला त्यानेच ३-३ असा गोल केला.

या मालिकेची दुसरी बाजूही होती. १७ जानेवारी ते १३ फेब्रुवारी या काळात एटीके मोहन बागान, केरळा ब्लास्टर्स, ईस्ट बंगाल, नॉर्थईस्ट युनायटेड, मुंबई सिटी व चेन्नईयीन यांच्याविरुद्धचे सलग सहा सामने बरोबरीत सुटले. संघ हरत नव्हता, पण विजयही त्याच्या हाती येत नव्हता. ओडिशा एफसीला ३-१ व बंगळूरला २-१ असे हरवून त्याने पहिल्या चार संघांतील स्थानाच्या आशा जिवंत ठेवल्या. २८ फेब्रुवारीच्या अखेरच्या साखळी सामन्यात प्रतिस्पर्धी होता पाचव्या स्थानावरील हैदराबाद. उपांत्य फेरीसाठी एफसी गोवाला एक गुण पुरेसा होता. सामना ०-० असा संपला आणि संघाने चौथे स्थान राखले. मोसमातील दहावी साखळी बरोबरी ही अशी सर्वांत मोलाची ठरली.

साखळी फेरीअखेर एफसी गोवाचे २० सामन्यांत सात विजय, दहा बरोबरी व तीन पराभवांसह ३१ गुण झाले. संघाने ३१ गोल केले व २३ स्वीकारले. मुंबई सिटी व एटीके मोहन बागान यांचे प्रत्येकी ४०, नॉर्थईस्टचे ३३ आणि हैदराबादचे २९ गुण होते. बरोबरीने संघाला काय दिले व त्याच्याकडून काय घेतले, हे समजण्यासाठी त्याच वर्षीच्या फ्रेंच लीगकडे पाहता येते. तेथे लील संघाने ३८ सामन्यांत केवळ तीन पराभव पत्करले. एफसी गोवाचे पराभवही तीनच होते. परंतु लीलने २४ विजय व ११ बरोबरींसह ८३ गुण मिळवून, पॅरिस सेंट-जर्मेनला एका गुणाने मागे टाकत विजेतेपद पटकावले. विजयाला तीन व बरोबरीला एक गुण देणाऱ्या पद्धतीत न हरणे पुरेसे नसते, हा धडा दोन्ही तक्त्यांतून सारखाच मिळतो.

वैयक्तिक कामगिरीत आंगुलो सरस ठरला. त्याने १४ गोल केले. एटीके मोहन बागानच्या रॉय कृष्णाचेही तितकेच गोल होते, तथापि कमी मिनिटांत ही संख्या गाठल्यामुळे गोल्डन बूट पुरस्कार आंगुलोला मिळाला.

उपांत्य फेरी

उपांत्य फेरीत समोर आला तो मुंबई सिटी, म्हणजे लोबेरा आणि एफसी गोवाचेच माजी खेळाडू. ५ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यावर झालेला पहिला टप्पा २-२ असा बरोबरीत राहिला. आंगुलोने पेनल्टीवर व गोमंतकीय सेव्हियर गामाने ५९व्या मिनिटाला गोल केला. मुंबईच्या वतीने गोल करणारे दोघे, बुमूस व फॉल, वर्षभरापूर्वी एफसी गोवाच्या पोशाखात होते. ८ मार्चला बांबोळीत दुसऱ्या टप्प्यात नियमित व जादा अशा १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. पेनल्टी शूटआऊटमध्ये मुंबईने ६-५ अशी बाजी मारली. निर्णायक पेनल्टी यशस्वी करणारा रोलिन बोर्जिस हाही गोमंतकीयच होता. मुंबईने पुढे १३ मार्चला एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून शिल्डपाठोपाठ करंडकही जिंकला.

एएफसी चँपियन्स लीग : ‘ई’ गट

युरोपातील क्लब देशांतर्गत लीग व युरोपीय स्पर्धा एकाच वेळी खेळतात. शनिवार-रविवारी लीग, तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत युरोपीय सामने अशी त्यांची घडी असते. एफसी गोवाच्या बाबतीत दोन स्पर्धा एकामागोमाग एक आल्या. आयएसएलमधील पराभवानंतर महिनाभराने आशियाई स्पर्धा सुरू झाली. महामारीमुळे प्रत्येक गटाचे सर्व सामने एकाच ठिकाणी घेण्याचे आशियाई महासंघाने ठरवले व पश्चिम विभागातील ‘ई’ गटाचे यजमानपद गोव्याला मिळाले. सहा सामने, तेही १६ दिवसांत, फातोर्ड्यावर खेळायचे होते.

गट खडतर होता. इराणचा पर्सेपोलिस हा २०१८ व २०२० या दोन्ही वर्षांचा उपविजेता. कतारच्या अल रय्यानचे प्रशिक्षक होते लॉरां ब्लां. १९९८चा विश्वचषक जिंकलेल्या फ्रेंच संघाचे बचावपटू असलेल्या ब्लां यांनी पॅरिस सेंट-जर्मेनला सलग तीन लीग विजेतेपदे मिळवून दिली होती. संयुक्त अरब अमिरातीचा अल वहदा पात्रता सामन्यातून आला. त्याचे प्रशिक्षक होते नेदरलँड्सचे हेंक टेन काटे.

आणखी एक मर्यादा नियमाची होती. आयएसएलमध्ये त्या वर्षी पाच परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानात उतरवता येत असत. आशियाई स्पर्धेत तीन परदेशी व एक आशियाई महासंघाच्या सदस्य देशातील खेळाडू एवढीच मुभा होती. त्यामुळे बेदिया, गोन्झालेझ, ऑर्टिझ व डोनाकी यांची नोंदणी झाली आणि मोसमातील सर्वाधिक गोल करणारा आंगुलो तसेच चालींचा शिल्पकार नोगेरा यांना वगळावे लागले. गोल करण्याची संघाची मुख्य ताकद अशी स्पर्धेआधीच निम्म्याने घटली. भार पडला तो भारतीय खेळाडूंवर.

१४ एप्रिल २०२१ रोजी अल रय्यानविरुद्धचा पहिला सामना ०-० असा सुटला. चँपियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबने मिळवलेला हा पहिला गुण. तीन दिवसांनी अल वहदाविरुद्धही गोलशून्य बरोबरी झाली. दोन सामन्यांत धीरज सिंगने एकही गोल होऊ दिला नाही. साखळी फेरीत २३ गोल स्वीकारणाऱ्या संघाच्या बचावफळीकडून ही अपेक्षा फार थोड्यांनी केली असेल.

२० एप्रिलला पर्सेपोलिसविरुद्ध १४व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या फ्रीकिकवर बेदियाने हेडरने गोल केला. भारतीय क्लबचा या गटसाखळीतील तो पहिला गोल होता. आघाडी चारच मिनिटे टिकली. १८व्या मिनिटाला मेहदी तोराबीने पेनल्टीवर बरोबरी साधली व २४व्या मिनिटाला जलाल होसैनीच्या गोलने पर्सेपोलिसने २-१ असा विजय मिळवला. २३ एप्रिलच्या परतीच्या लढतीत दोन संघांमधील अंतर स्पष्ट झाले आणि एफसी गोवाला ०-४ अशी हार पत्करावी लागली.

२६ एप्रिलची अल रय्यानविरुद्धची लढत या हंगामाचे सार सांगणारी होती. तिसऱ्याच मिनिटाला ऑर्टिझने गोल केला. त्यानंतर जवळजवळ संपूर्ण सामनाभर संघाने ही आघाडी राखली. भारतीय क्लबचा पहिला विजय काही मिनिटांवर आला असताना ८९व्या मिनिटाला अली फेरीदूनने १-१ अशी बरोबरी साधली. आयएसएलमध्ये अखेरच्या क्षणी इतरांच्या तोंडचा घास काढून घेणाऱ्या संघावर येथे तीच वेळ आली. २९ एप्रिलच्या अखेरच्या सामन्यात अल वहदाने २-० असा विजय मिळवला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने त्या वेळी गोव्यात उग्र रूप धारण केले होते व त्याच दिवशी सायंकाळपासून राज्यात टाळेबंदी लागू झाली. फातोर्ड्याच्या इतिहासातील या सर्वांत मोठ्या क्लब सामन्यांपैकी एकही गोमंतकीय प्रेक्षकांना प्रत्यक्ष पाहता आला नाही.

गटात पर्सेपोलिस १५ गुणांसह पहिला, अल वहदा १३ गुणांसह दुसरा, एफसी गोवा तीन गुणांसह तिसरा आणि अल रय्यान दोन गुणांसह अखेरचा राहिला. पहिले दोन्ही संघ पुढे स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले.

गोमंतकीय खेळाडूंचा वाटा

राज्याच्या नावाने खेळणाऱ्या संघात स्थानिक खेळाडू किती, हा प्रश्न गोव्यात नेहमीच विचारला जातो. या हंगामाने त्याला समाधानकारक उत्तर दिले. मधल्या फळीत ब्रँडन फर्नांडिस, ग्लॅन मार्टिन्स व प्रिन्सटन रिबेलो, तर बचावफळीत सेरिटन फर्नांडिस, सेव्हियर गामा, सॅन्सन परेरा व आदिल खान हे गोमंतकीय आशियाई मोहिमेच्या चमूत होते. परदेशी खेळाडूंवरील मर्यादेमुळे जी उणीव निर्माण झाली, तीच या खेळाडूंसाठी संधी ठरली. पर्सेपोलिस व अल रय्यान यांसारख्या संघांविरुद्ध ९० मिनिटे खेळण्याचा अनुभव गावागावांतील मैदानांवर घडलेल्या या मुलांना एरवी मिळाला नसता.

आकडेवारी

आयएसएल साखळी फेरी : सामने २०, विजय ७, बरोबरी १०, पराभव ३, गोल ३१-२३.
आयएसएल उपांत्य फेरी : सामने २, बरोबरी २, गोल २-२, शूटआऊटमध्ये ५-६ असा पराभव.
एएफसी चँपियन्स लीग : सामने ६, बरोबरी ३, पराभव ३, गोल २-९.
एकूण : सामने २८, विजय ७, बरोबरी १५, पराभव ६, गोल ३५-३४.

पुढील वाटचाल

या हंगामाने न दिलेला करंडक काही महिन्यांतच मिळाला. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी कोलकात्यात ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत, १०५व्या मिनिटाला, बेदियाने केलेल्या फ्रीकिक गोलच्या जोरावर एफसी गोवाने मोहम्मेडन स्पोर्टिंगला १-० असे नमवले. मात्र संघाची घडी फार काळ टिकली नाही. डिसेंबर २०२१मध्ये फेरांडो एटीके मोहन बागानकडे गेले. त्यांची जागा गोमंतकीय डेरिक परेरा यांनी घेतली, पण २०२१-२२च्या आयएसएलमध्ये संघ नवव्या स्थानापर्यंत घसरला.

चँपियन्स लीगच्या गटसाखळीतील भारतीय क्लबचा पहिला विजय वर्षभरानंतर, ११ एप्रिल २०२२ रोजी, मुंबई सिटीने इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला २-१ असे हरवून नोंदवला. फातोर्ड्यावर एक मिनिट आधी निसटलेली ती नोंद अशा रीतीने मुंबईच्या नावावर लागली. पण भारतीय क्लब या पातळीवर उभा राहू शकतो, हे त्याआधी तीन गुणांनी दाखवून दिले होते आणि ते तीनही गुण बरोबरीचे होते.